उजव्या हाताची जागा

समीक्षा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन घरी परतली तेव्हा शनिवारचे पावणेबारा झाले होते. नानांचा लॅपटॉप तिने टेबलावर उघडाच ठेवला होता. सकाळी पडद्यावर दोन चिन्हं होती. आता एकच होतं, वर डाव्या कोपऱ्यातलं रिसायकल बिन. त्याच्या अगदी खाली असलेली 'पाणवठे' ही फाइल नव्हती.

ती उभीच राहिली. चप्पल काढायचीही राहून गेली.

नाना, म्हणजे तिचे वडील बन्सीलाल, जाऊन चाळीस दिवस झाले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं ते एसटीने खान्देशात हिंडले होते. पारोळा, भडगाव, सोनगीर आणि आसपासची एक्केचाळीस गावं. प्रत्येक गावात आपली माणसं पाणी कुठून भरायची, कोणत्या विहिरीवरून हाकलली गेली, तिथे पहिला पोहरा कोणी टाकला, हे त्यांनी म्हाताऱ्यांना विचारून लिहून घेतलं होतं. सांगणाऱ्यांतले बहुतेक आता नव्हते. वह्याही नव्हत्या, कारण टाइप झालं की पान फाडून टाकायची नानांची सवय होती. साऱ्या कामाची एकच प्रत होती, ती या फाइलीत. सोमवारी ती जळगावच्या छापखान्यात द्यायची होती.

शुक्रवारी संध्याकाळी ती जळगावहून धुळ्याला आली तेव्हापासून लॅपटॉपचा टचपॅड मेलेला होता. बोट फिरवलं तरी कर्सर हलत नव्हता. खालची बटणं दाबली की टक् असा आवाज यायचा आणि पुढे काहीच घडायचं नाही. कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, टचपॅड बंद-चालू करणारी वरच्या रांगेतली कळ दाबून पाहिली. उपयोग झाला नाही. शेवटी दुरुस्ती झाल्यावरच फाइल उतरवून घेऊ असं ठरवून ती गप्प बसली होती.

आता तिने बाणांच्या कळांनी रिसायकल बिन उघडलं. फाइल आत होती. शेजारी ती फेकल्याची वेळ होती, आज, अकरा वाजून अठरा मिनिटं. तिने फाइल जागेवर आणली, पेनड्राइव्हवर उतरवली आणि मग चप्पल काढली.

फाइल वाचली होती. पण ती कोणीतरी फेकली होती.

समीक्षा जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावण्यात तिची बारा वर्षं गेली होती, आणि घाईने लावलेल्या चिठ्ठीने काय होतं ते तिला माहीत होतं. तरीही तिने चिठ्ठी लावली. टचपॅड बंद. घरात माउस नाही. म्हणजे फाइल फेकली गेली ती कळा दाबून. आईला, म्हणजे कलाबाईंना, टीव्हीचा रिमोटही नीट येत नव्हता. शेजारच्या प्रमिलाबाई भाजी द्यायला येतात, त्यांचंही तेच. कळांनी लॅपटॉप चालवता येईल असा तिच्याखेरीज घरात एकच माणूस होता.

प्रशील तिचा चुलतभाऊ. अठ्ठावीस वर्षांचा, धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. अंगणापलीकडची खोली नानांनी त्याला दिली होती. घरापासून सहा पावलं. नाना गेल्यापासून आईला दवाखान्यात नेणं, गॅसची टाकी बदलणं, सकाळी उठल्यावर 'काकू, चहा झाला का' असं विचारणं, हे सगळं तोच करत होता. समीक्षा रविवारी दुपारच्या एसटीने परत जाणार होती. नंतर या घरात आई आणि अंगणापलीकडे प्रशील, एवढंच उरणार होतं.

त्याला दोषी ठरवलं तर तेही उरणार नव्हतं.

तिने त्याला बाहेरच्या खोलीत बोलावलं. आतल्या खोलीचं दार आईने नेहमीप्रमाणे लोटून घेतलं होतं.

"अकरा ते पावणेबारा तू कुठे होतास?"

"अंगणात. नळ आला होता, टाकी भरत होतो." तो हसला. "का, हजेरी घेतेयस?"

"घरात आला होतास?"

"एकदा. काकूला सेल द्यायला."

"कसला सेल?"

"पेन्सिल सेल. स्वयंपाकघरातल्या घड्याळासाठी. गुरुवारी पण एक आणून दिला होता, काल म्हणाली अजून एक असू दे. ताई, झालं काय?"

तिने सांगितलं. त्याचं हसू गेलं. तो टेबलाकडे पाहत राहिला, पण लॅपटॉपला हात लावला नाही.

"तुझी शंका माझ्यावर आहे," तो म्हणाला.

"आपल्या गावाचं पान छापू नका, असं तू नानांना म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

ते पान समीक्षाने वाचलं होतं. प्रशीलचे वडील पितांबरकाका बारा वर्षांचे असताना वरच्या विहिरीवर पाणी प्यायले होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यांना मातीला नाक लावावं लागलं होतं. नानांनी ते दोन वाक्यांत लिहिलं होतं. पितांबरकाका आता गावात मानाने राहत होते. पोटच्या पोरालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं; प्रशीलला ते नानांच्या पानावरूनच कळलं होतं.

"मी नानांना म्हटलं, आधी माझ्या आप्पांना विचारा आणि मग छापा," प्रशील म्हणाला. "एवढंच म्हटलं. फाइल फेकायची असती तर गेल्या चाळीस दिवसांत कधीही फेकली असती. तू घरी यायची वाट कशाला पाहिली असती?"

उद्या बोलू, एवढंच समीक्षा म्हणाली.

"उद्या मी खोली रिकामी करतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "संशय ठेवून एका अंगणात राहता येत नाही, ताई."

तो गेल्यावर ती प्रमिलाबाईंकडे गेली. त्यांनी आधी चहा पाजला, मग नानांची आठवण काढली, मग ती एवढी वाळली कशी हे विचारलं. समीक्षाने मुद्द्यावर आणलं तेव्हा त्या आवाज खाली आणून बोलू लागल्या. अकराच्या सुमारास मेथीची जुडी द्यायला त्या आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. प्रशील खिडकीतून दिसत होता, टाकीजवळ, हातात नळी धरून.

"पण त्या पाटीवरचा बाण हालत होता. खुर्ची रिकामी, अन् तो बाण सरसर वर जाये, खाली ये, पुन्हा वर जाये." त्यांनी पदर सावरला. "तुम्ही लोक आत्माबित्मा मानत नाही, मला माहीत शे. पण बन्सीभाऊंचं काम राहून गेलं ना बाई."

समीक्षाला क्षणभर त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन हितेंद्रच्या दुकानात गेली. नानांनी लॅपटॉप त्याच्याकडूनच घेतला होता. त्याने तक्रार ऐकली आणि पहिला संशय बॅटरीवर घेतला. जुनी बॅटरी फुगते, टचपॅडला खालून ढकलते, मग बटण काम करत नाही. आतल्या टेबलावर नेऊन त्याने मागचं झाकण उघडलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला.

"बॅटरी सपाट आहे. टचपॅडची पट्टी घट्ट बसलेली आहे. धूळ पण नाही."

"मग दोष काय?"

"दोषच नाही." त्याने बोट फिरवलं. कर्सर पडद्यावर मऊपणे सरकला. बटण दाबलं, खिडकी उघडली. "ताई, खरं सांगू का? कळांवरची अक्षरं पार पुसली गेली आहेत. 'पा' कुठे ते अंदाजाने दाबावं लागेल. अन् हा टचपॅड बघा, आरशासारखा. नऊ वर्षांत याच्यावर बोट फिरलेलं नाही."

त्याने पैसे घेतले नाहीत. नानांच्या लॅपटॉपचे नाही घेणार, म्हणाला.

घरी येऊन तिने लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवला आणि चालू केला. टचपॅड पुन्हा मेलेला होता.

ती खुर्चीत बसून राहिली. आतून आईच्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. चहाची वेळ झाली होती, पण आईने हाक मारली नाही. आता ती हाक मारत नसे. पूर्वी नानांना मारायची, तेव्हा सगळेच यायचे.

लॅबमध्ये एकच रक्त दोन यंत्रांवर दोन आकडे दाखवू लागलं, तर रक्ताला दोष देत नाहीत. मधे काय बदललं ते शोधतात. दुकानात टचपॅड जिवंत, घरी मेलेला. लॅपटॉप तोच. मग काय बदललं?

तिने हितेंद्रला फोन लावला.

"झाकण उघडण्याआधी तुम्ही काय काय केलंत? एकेक सांगा."

"बंद केला. चार्जर काढला. मागच्या पोर्टमधलं ते बारीक रिसीव्हर काढून डबीत ठेवलं. स्क्रू काढले."

"कसलं रिसीव्हर?"

"बिनतारी माउसचं. नखाएवढं असतं. देताना आठवणीने परत लावलं, कोणाची वस्तू हरवायला नको. माउस घरी असेल ना तुमच्याकडे?"

तिने लॅपटॉप फिरवला. मागच्या बाजूला, काळ्यात काळं, काहीतरी होतं. नखाने ओढून काढलं. टचपॅड लगेच जिवंत झाला. परत लावलं. मेला. तीनदा करून पाहिलं, कारण लॅबमध्ये तीनदा करतात.

"माउस जोडलेला असेल तर टचपॅड बंद, अशी सेटिंग असते," हितेंद्र सांगत होता. "टाइप करताना मनगट लागून कर्सर उडतो, म्हणून लोक लावून घेतात. सरांनीच लावून घेतली असेल."

तिने फोन ठेवला. लॅपटॉपच्या उजवीकडे टेबलावरच्या रेक्झिनचा एक तुकडा गुळगुळीत झाला होता. त्याच्यावरची फुलं पुसली गेली होती. अर्ध्या भाकरीएवढी जागा. शुक्रवारी तिने ती पाहिली होती आणि चहाच्या कपाने झाली असेल असं समजली होती. नऊ वर्षांत ती महिन्यातून एकदा या घरी यायची. ती आली की नाना लॅपटॉप मिटून तिच्याशी गप्पा मारत बसायचे. वडील काम कसं करतात हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायली आणि वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारवर थांबलेलं होतं. त्याला कोणी हात लावल्याचं दिसत नव्हतं. वरच्या कडेला धूळ जशीच्या तशी होती.

त्या रात्री तिने कोणालाच काही विचारलं नाही. आईने दोन ताटं वाढली. दोघी जेवल्या.

रविवारी सकाळी दहाला प्रशील अंगणातून आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बॅग होती. किल्ली त्याने टेबलावर ठेवली. त्याच वेळी प्रमिलाबाई दुधाचं भांडं परत करायला आल्या आणि वातावरण पाहून दारातच थांबल्या. समीक्षाने दोघांना बसायला सांगितलं. लॅपटॉप चालू होता. कर्सर पडद्याच्या मध्यावर होता.

"प्रशील, तू फाइल फेकली नाहीस," ती म्हणाली. "आधी हे सांगते, कारण ते कालच सांगायला हवं होतं."

त्याने बॅग उतरवली नाही.

"टचपॅड बंद आणि घरात माउस नाही, म्हणून कळा येणाऱ्या माणसाने फाइल फेकली, असा माझा हिशेब होता. सगळा हिशेब 'माउस नाही' यावर उभा होता. आणि ते खोटं होतं. टचपॅड बिघडलेलाच नाही. मागे माउसचं रिसीव्हर लावलेलं आहे म्हणून तो बंद राहतो. नाना टचपॅड कधी वापरतच नव्हते. त्यांचा हात इथे असायचा." तिने रेक्झिनवरच्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं.

"अगं, त्यांच्याकडे माउस होताच," प्रशील म्हणाला. "करड्या रंगाचा. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुझ्यावर शंका होती, म्हणून तुलाच विचारलं नाही. आता बघ. नाना गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या वस्तू मी वाटून टाकल्या. चष्मा, छत्री, शर्ट, बूट, सगळं. यादी मीच केली होती. त्यात माउस नव्हता. म्हणजे यादी करण्याआधी तो कोणीतरी उचलून ठेवला होता. लॅपटॉप ठेवला आणि माउस उचलला. चोर असं करत नाही. ज्याला लॅपटॉपशी काही कर्तव्य नाही आणि माउसशी आहे, असंच माणूस असं करतं."

प्रमिलाबाईंनी दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"त्या माणसाने तुझ्याकडून सेल मागवले. घड्याळासाठी. घड्याळ अजून सव्वाचारवर आहे. घरात पेन्सिल सेलवर चालणारी दुसरी एकच वस्तू आहे. गुरुवारी सेल आला. शनिवारी प्रमिलाबाईंना रिकाम्या खुर्चीपुढे बाण पळताना दिसला. प्रमिलाबाई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. मला ऐकून घ्यायला हवं होतं."

"म्हणजे ते नव्हते," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

"नव्हते. बिनतारी माउस भिंतीपलीकडूनही चालतो. तो उलटा करून तळहातावर धरला आणि खालची काच पदराने पुसली, तर बोटं आपोआप बटणावर दाबली जातात आणि वर पदर फिरतो. लॅपटॉपला वाटतं, कोणीतरी बटण दाबून ओढतंय. फाइल रिसायकल बिनच्या अगदी खाली होती. बोटभर वर ओढली की आत. कोणी काही ठरवून केलेलं नाही."

ती बोलत असतानाच कर्सर हलला. कोणी टेबलाला हात लावला नव्हता. तो थरथरला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन अडकला. तिघं बघत राहिली.

प्रशीलने खांद्यावरची बॅग हळूच जमिनीवर ठेवली.

समीक्षा उठली आणि आतलं दार ढकललं. आई खाटेवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. डाव्या हातात उलटा धरलेला करडा माउस, उजव्या हातात पदराचं टोक. तळाला बारीक लाल दिवा जळत होता. चाहूल लागताच तिने हात पदराखाली नेला.

"आई."

आईने मान वळवली नाही.

"तू बठ्ठं दी टाकं," ती म्हणाली. रागाने नाही. "मी काही बोलनू का? त्यासना हात दिनभर याच्यावर राहे. हाई एक मी ठी लिधं." सगळं वाटलं गेलं तेव्हा एवढं एकच तिने ठेवून घेतलं होतं.

प्रशील दाराशी येऊन उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलं. दिवा विझला तेव्हा सेल तुझ्याकडून मागवला, खोटं बोलले, असं ती त्याला म्हणाली. याला तार नाही म्हणून हे मोडलेलंच आहे, फक्त दिवा तेवढा लागतो, असं तिला वाटलं होतं. रोज सकाळी उठल्यापासून दोन-तीनदा ती तो पुसत होती.

समीक्षा तिच्याजवळ बसली. यादी करताना आईला एकदाही विचारलं नव्हतं, हे तिने मान्य केलं. मग घडलेलं सगळं सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं. फाइलीचं कळल्यावर तिचा हात तोंडाशी गेला. ती सुखरूप आहे असं दोनदा सांगावं लागलं. प्रशील घर सोडून निघाला होता हे कळल्यावर मात्र तिने सरकून त्याला खाटेवर जागा केली. तो बसला.

थोड्या वेळाने आईने माउस हलवून बाहेरच्या लॅपटॉपकडे बोट केलं आणि विचारलं, "मी आठे हालावं, ते तठे हालस?"

"हो."

"कितला दूरलगून?"

"अंगणाएवढं."

"जळगावलगून नही?"

"नाही, आई."

आईने मान हलवली, जणू तिला एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं.

दुपारी समीक्षाने पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला. पितांबरकाकांना तिने फोन केला होता, ते पान वाचून दाखवलं होतं. मग ते म्हणाले, दादाने एक चुकवलं. मी बारा नाही, अकरा वर्षांचा होतो. तेवढं दुरुस्त कर आणि छाप.

लॅपटॉप ती जळगावला नेणार होती. नेला नाही. तिने आणि प्रशीलने तो उचलून अंगणापलीकडे त्याच्या खोलीत नेला, त्याच्या टेबलावर ठेवला. त्याला तासांच्या टिपणांसाठी हवाच होता. पडद्यावर तिने एकही फाइल ठेवली नाही. रिसीव्हर मागेच राहू दिलं. तुला टचपॅड वापरता येणार नाही, म्हणाली. तो म्हणाला, मी कळांनी चालवतो, त्याबद्दल तर काल पकडला गेलो होतो. दोघंही थोडं हसले.

एसटीला अर्धा तास होता. तिने बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"प्रशील, सकाळी कॉलेजला जायच्या आधी हा चालू करत जा."

"बरं."

"दहापर्यंत बाण हलला नाही, तर आधी आईकडे जा. मग मला फोन कर."